सागवानावरचे तेल चिकट का राहिले: घरी बनवलेल्या गिटार-बॉडीचे एक प्रकरण

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरच्या घरी बनवणारे बहुतेक जण फिनिशसाठी तेलच निवडतात. कॉम्प्रेसर नको, स्प्रे गन नको, जुने सुती फडके आणि तेलाची बाटली एवढ्यावर काम भागते. त्यातून लाकूड जुने सागवान असले, तर त्याच्यावर रंग चढवायचे जिवावर येते. या प्रकरणातली बॉडी अशीच होती. तेल तीनदा लावले, बारा दिवस वाट पाहिली, तरी ती हाताला चिकटत होती. सगळे तेल काढून काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. चिकटपणाची कारणे चार निघाली आणि चारही एकमेकांत गुंतलेली होती.

काय केले होते

लाकूड पुण्यातल्या एका पाडलेल्या वाड्याच्या दारांच्या चौकटीचे. चौकट फार रुंद नसते, त्यामुळे साधारण ८५ मिमी रुंदीच्या चार पट्ट्या फेविकॉलने कडेला कड लावून जोडल्या होत्या. जाडी ४४ मिमी, नेक, म्हणजे गिटारची मान, बोल्टने बसणारी, दोन हंबकर पिकअपची (तारांचे कंपन टिपणारे, दुहेरी वेटोळ्याचे चुंबकी भाग) खाच, मागून कंट्रोलची, म्हणजे आवाजाच्या बटणांची, पोकळी. वजन हार्डवेअरशिवाय २ किलो ८७० ग्रॅम. सागवानाच्या मानाने हे ठीकच आहे. जिगसॉने कापणी आणि राउटरचे काम नेटके होते.

घासकाम १२० नंबरच्या पॉलिशपेपरपासून ६०० नंबरपर्यंत नेले होते. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात कच्चे जवसाचे तेल, क्रिकेटच्या बॅटला लावण्यासाठी खेळाच्या दुकानात मिळते ते, ब्रशने लावले. चोवीस तासांच्या अंतराने तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर ‘लाकूड पिऊन घेईल’ म्हणून तेल तसेच ठेवले, फडके फिरवले ते नावापुरते. तीन हातांत १०० मिलीची बाटली संपली. त्याआधी खोक्याच्या पाइनच्या तुकड्यावर तेच तेल लावून पाहिले होते. ते चार-पाच दिवसांत कोरडे झाले, म्हणून बॉडीही होईल असे धरले गेले.

बाराव्या दिवशीची स्थिती अशी होती: समोरच्या बाजूवर बोट टेकवून उचलले की पुसट ठसा राही. जिथे उजवा हात टेकतो त्या कडेला टीशर्टचे निळे धागे चिकटलेले. बॉडी दोन दिवस कापडी बॅगेत ठेवली, तर अस्तराची विण पाठीवर उमटली. कंट्रोलच्या पोकळीच्या काठाला आणि शिंगाच्या, म्हणजे नेकच्या बाजूला पुढे आलेल्या टोकाच्या, आतल्या वळणावर तेल साचून त्यावर सायीसारखी सुरकुतलेली कातडी धरली होती. नखाने टोचले की आतून ओले तेल निघे. पोकळीच्या तळाशी काळसर ठिपके दिसायला लागले होते. ती बुरशी. पावसाळ्यात न घट्टावलेले जवसाचे तेल म्हणजे बुरशीला आयते खाद्य.

कारण शोधताना

सगळ्यात मोठा पुरावा लाकडावरच होता. चार पट्ट्यांपैकी डावीकडच्या कडेला बोटभर रुंदीचा पांढरट पट्टा आहे, सालीलगतच्या लाकडाचा. त्या पट्ट्यावर हात कोरडा फिरत होता. अर्धा सेंटीमीटर सरकून तपकिरी गाभ्यावर आले की चिकट. तेल एकच, दिवस एकच, हवा एकच, आणि सीमा पेन्सिलीने आखल्यासारखी. म्हणजे फरक लाकडात होता.

इथे तेल ‘सुकते’ म्हणजे काय होते ते नीट समजून घ्यायला हवे. थिनर उडून जातो तसे जवसाच्या तेलातून काही उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचा घन होतो. या क्रियेत तेलाचे वजन घटत नाही, उलट किंचित वाढते. खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलात हे घडत नाही, म्हणून ती तेले लाकडावर कायम तेलकटच राहतात आणि पुढे खवट होतात. जवस आणि टंग या तेलांत हे घडते, पण ऑक्सिजनच्या वाटेत कोणी आडवे आले नाही तरच.

सागवानाच्या गाभ्यात आडवे येणारे भरपूर असते. टेक्टोक्विनोन, लॅपाचोल आणि रबरासारखा एक नैसर्गिक पदार्थ. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही आणि पाण्यात ते टिकते यामागे अशाच द्रव्यांचा वाटा आहे, पण तीच द्रव्ये वरून लावलेल्या तेलाचे घट्ट होणे रोखून धरतात. शिसमच्या गाभ्यातही असाच त्रास असतो. सालीलगतच्या पांढऱ्या भागात ही द्रव्ये फारच कमी, पाइनमध्ये या जातीची नाहीतच. म्हणून पांढरा पट्टा कोरडा, पाइनचा नमुना कोरडा आणि गाभा ओला. नमुना त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर घेतला असता, तर हे पाचव्या दिवशी उघड झाले असते.

दुसरे कारण तेलाची निवड. बॅटचे तेल कच्चे असते. त्याला घट्ट व्हायला चांगल्या हवेतही बरेच दिवस लागतात. बॅटला ते चालते, कारण बॅट विलोची असते, तेल चमचाभर लागते आणि बॅट दिवसभर आडवी ठेवली की झाले. लाकूडकामासाठी रंगाच्या दुकानात ‘बेलतेल’ किंवा ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळते ते घ्यायचे. त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे ड्रायर म्हणून घातलेली असतात आणि त्यांमुळे ऑक्सिजन घेण्याचा वेग वाढतो. नुसते घरी उकळून कच्चे तेल बेलतेल होत नाही, आणि गॅसवर तेल उकळायचा प्रयोग तर करूच नये.

तिसरे कारण जाडी. अशा बॉडीचे दोन्ही पृष्ठभाग आणि कडा मिळून क्षेत्र साधारण पाव चौरस मीटर भरते. त्याला पहिल्या हातात २५ ते ३० मिली आणि पुढच्या प्रत्येक हातात १० ते १२ मिली तेल पुरते, तेही वरचे पुसून काढून. म्हणजे तीन हातांना ५० मिली. इथे दुप्पट गेले, आणि ६०० नंबरपर्यंत घासून गुळगुळीत केलेल्या सागवानात ते शिरणार तरी किती? उरलेले वरच साचले. जाड थरावर आधी कातडी धरते, कातडीखाली हवा पोचत नाही आणि आतले तेल महिनोन् महिने तसेच राहते.

चौथे कारण पावसाळा. पुण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत ठेवलेले लाकूड हळूहळू १६ टक्के ओलाव्याकडे सरकते. दोन टोच्यांच्या ओलावामापकाने बॉडी १५ टक्के दाखवत होती. त्यात खोली बंद, पंखा बंद, धूळ बसू नये म्हणून बॉडीवर प्लास्टिकचा कागद. हेतू चांगला होता, पण त्या कागदाने ऑक्सिजनच अडवला.

या चारांत पहिले कारण मुख्य. बाकीची तीन टळली असती तरी सागवानाने त्रास दिलाच असता, फक्त कमी.

थांबायचे की काढायचे

तीन वाटा समोर होत्या. पहिली, आणखी वाट पाहणे. पांढऱ्या लाकडावर ही वाट चालली असती. गाभ्यावर, साचलेल्या थराला, पावसाळाभर थांबण्यात बुरशी वाढण्याचा धोका जास्त होता. दुसरी, वरून ड्रायर असलेल्या तेलाचा पातळ हात देऊन खालचे घट्ट करणे. हे कधी कधी जमते, पण खाली ओला आणि वर टणक असा थर तयार होऊन पुढे सुरकुत्या पडतात. कोणी वरून मेण लावायचाही सल्ला देते. त्याने चिकटपणा आठवडाभर झाकला जातो आणि नंतरचे काम दुप्पट होते, कारण मेणावर काहीच धरत नाही. तिसरी वाट सगळे काढण्याची, ती घेतली. लाकडाचे काही नुकसान झालेले नव्हते, त्यामुळे हा निर्णय सोपा होता.

काढताना पॉलिशपेपर आधी हातात घ्यायचा नाही. अर्धवट घट्टावलेल्या तेलावर कागद दहा घासण्यांत डिंक लावल्यासारखा भरतो. आधी मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके दहा मिनिटे पसरून ठेवून थर मऊ केला आणि पोलादी स्क्रेपरने रेषेच्या दिशेने ओढून काढला. जुने सुतार यासाठी फुटक्या काचेची धार वापरत. सपाट भागावर ती आजही छान चालते, हातमोजे मात्र हवेत. वळणांवर टर्पेंटाइन आणि नायलॉनचा खरखरीत पॅड. तारेची घासणी किंवा स्टील वूल सागवानावर वापरू नये. त्याचे तुकडे रंध्रांत अडकतात, दमट हवेत गंजून काळे ठिपके पडतात, आणि पिकअपचे चुंबक उरलेले कण ओढून घेते ते वेगळेच. मग १२०, १५०, १८० आणि शेवटी २२० नंबरचा कागद. आडव्या कापाच्या कडा, म्हणजे शिंगांची टोके आणि बॉडीचे बूड, ३२० पर्यंत. कारण आडवा काप तेल जास्त पितो आणि काळा दिसतो. बाकीची बॉडी २२० वरच थांबवली. सागवानाची धूळ त्वचेला आणि श्वासाला बाधते, तेव्हा चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

घासून झाल्यावर एक जुनी चूक दिसली. दोन सांध्यांवर फेविकॉल ओघळून आत मुरला होता, तिथे फिकट रेघा होत्या. कोरड्या लाकडावर त्या दिसत नाहीत. टर्पेंटाइनचे फडके फिरवले की लगेच दिसतात. तेल लावण्याआधी हे फडके फिरवायचेच, म्हणजे ग्लू आणि आडवे ओरखडे दोन्ही उघडे पडतात. त्या रेघा स्क्रेपरने खरवडल्या.

नेकची खाच वेगळी साफ केली. तिच्यातही तेल गेले होते आणि नेकच्या बुडाला चिकट थर मिळाला असता. नेक बोल्टची असेल तर खाचेत तेलाचा एखादा पातळ हात गेला तर बिघडत नाही, चिकटवायची असेल तर थेंबही नको, ग्लू धरणार नाही. कंट्रोलच्या पोकळीलाही तेल लावायचे नाही, कारण तिथे पुढे तांब्याची चिकटपट्टी बसवायची असते आणि ती तेलकट लाकडावरून सुटते. दोन्ही जागा मास्किंग टेपने झाकल्या.

वाळवणी आणि नमुने

बॉडी नेकच्या बोल्टच्या भोकातून तार ओवून छताला टांगली. खोलीत रोज सहा तास एसी ‘ड्राय’वर, बाकीचा वेळ मंद पंखा. दर चार दिवसांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. टर्पेंटाइन उडून वजन स्थिरावल्यावरच्या आकड्यापासून चार आठवड्यांत ६० ग्रॅम उतरले आणि ओलावा साडेबारा टक्क्यांवर आला. एसी नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबावे, हाच खरा उपाय. उन्हात ठेवून घाई केली तर चार पट्ट्यांची बॉडी वाकते.

या महिन्याचा आणखी एक फायदा झाला. ताजे घासलेले सागवान डागाळ दिसते, कुठे हिरवट, कुठे गडद. उजेडात राहिले की ते एकसारखे सोनेरी होते. बॉडी दर दोन दिवसांनी फिरवली, म्हणून दोन्ही बाजू सारख्या आल्या.

दरम्यान उरलेल्या तुकड्यांवर १० सेंटीमीटरचे चार चौकोन आखून पाहिले. कच्चे तेल नुसते, बेलतेल नुसते, ॲसिटोनने पुसून बेलतेल, आणि ॲसिटोनने पुसून बेलतेल, वार्निश व टर्पेंटाइनचे मिश्रण. अठ्ठेचाळीस तासांनी टिश्यू पेपर दाबून उचलला. पहिल्या दोघांवर पापुद्रे चिकटले, तिसऱ्यावर कागद किंचित अडखळला, चौथ्यावरून स्वच्छ निघाला. चौथा निवडला.

चौथाही चिकट राहिला असता तर लाखेचा अस्तर-हात हा पुढचा उपाय तयार होता. चपडा लाख १२ ग्रॅम, १०० मिली डिनेचर्ड स्पिरिटमध्ये. दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ तेवढे घ्यायचे, तळाचे मेण टाकायचे. लाख सागवानाची द्रव्ये आत कोंडते आणि वरचा थर बिनघोर वाळतो. पण मग तेल लाकडात शिरत नाही, रेषेला जी खोली येते ती कमी होते. हातात लाकूड लागल्यासारखे वाटावे म्हणून तेल घ्यायचे असेल, तर लाख शेवटचा पर्याय म्हणून ठेवावी.

दुसऱ्यांदा

मिश्रण: बेलतेल ४० मिली, तेलात विरघळणारे साधे क्लिअर वार्निश ४० मिली, मिनरल टर्पेंटाइन ४० मिली. एनसी लॅकर, मेलामाइन, दोन डब्यांचे पीयू किंवा पाण्यातले वार्निश यात चालत नाही. डब्यावर पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन सांगितले असेल तरच घ्यावे. चाचणीला चमचाभर मिसळून काचेवर ठेवावे. दूध फाटल्यासारखे झाले तर डबा चुकला.

ॲसिटोनने पुसणे हा या सगळ्यातला कळीचा भाग. पांढऱ्या सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन रेषेच्या दिशेने पुसले की फडके चहासारखे पिवळट तपकिरी होते. फडके बदलत राहायचे. चौथ्या फडक्यावर रंग फिका झाला तेव्हा थांबलो. त्यानंतर पहिला हात अर्ध्या तासाच्या आत. रात्रभर थांबले तर आतली द्रव्ये पुन्हा पृष्ठभागावर येतात आणि पुसण्याला अर्थ राहत नाही. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवासुद्धा विझवलेला.

पहिला हात सढळ, २८ मिली. पंधरा मिनिटे ओले ठेवले, जिथे कोरडे पडले तिथे पुन्हा लावले, मग फडक्याने सगळे पुसले. सगळे म्हणजे हाताला काहीच लागू नये इतके. तेलाच्या फिनिशमध्ये लावण्याला कौशल्य लागत नाही, पुसण्याला लागते. आणि एकदा पुसून भागत नाही. सागवानाची रंध्रे मोठी. अर्ध्या तासाने बॉडी उजेडाकडे तिरपी धरली तर रेषेवर टाचणीच्या टोकाएवढे चकाकते थेंब वर आलेले दिसतात. पुसावे, तासाभराने पुन्हा पाहावे. हे थेंब राहिले तर दुसऱ्या दिवशी पुटकुळ्यांसारखे टणक होतात आणि कागदाने काढताना भोवतीचा रंग उडतो. त्या दिवशी चार वेळा पुसावे लागले.

दुसरा हात ४८ तासांनी, १२ मिली. तिसऱ्या हाताला रंध्रे भरून घेतली: ओल्या तेलावर ४०० नंबरचा वॉटर पेपर आधी गोल, मग रेषेच्या दिशेने. घासताना लाकडाची धूळ आणि तेल मिळून तपकिरी चिखल होतो. तो वीस मिनिटे मुरू द्यायचा आणि रेषेला आडवे पुसायचे, म्हणजे रंध्रांतला राहतो आणि वरचा जातो. हे पुसणे उशिरा केले तर चिखल सिमेंटसारखा धरतो. चौथा आणि पाचवा हात पातळ, १० मिलीचे, बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने. एकूण ७२ मिली लागले. चकाकी अंड्याच्या कवचासारखी, मंद.

काम झाल्यावरची फडकी एकेक मोकळी पसरून बाहेर लोखंडी जाळीवर वाळवली आणि मगच फेकली. घट्ट होताना तेल उष्णता सोडते. चोळामोळा करून टाकलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडके काही तासांत आपोआप पेट घेऊ शकते. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग जवसाच्या तेलाच्या फडक्यांतूनच सुरू झाली. तिच्यात अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. घरात केराच्या डब्यात असे फडके टाकणे म्हणजे निखारा टाकणे. पसरायला जागा नसेल तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवावे.

जोडणीआधी तीन आठवडे टांगून ठेवले. वरून कोरडी वाटणारी बॉडी आतून अजून घट्ट होत असते. ब्रिजची (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाची) थाळी घाईने आवळली तर तिच्या कडेचा ठसा बसतो. हार्डवेअरच्या स्क्रूंची भोके तेल लावण्याआधीच पाडून घेतली होती, नाहीतर ड्रिल सटकून झालेल्या कामावर ओरखडा उठतो.

आवाजाबद्दल विचारणा हमखास होते. दोन किलो आठशे ग्रॅमच्या भरीव बॉडीत मुरलेल्या एवढ्याशा तेलाने पिकअपमधून ऐकू येणारा फरक पडेल असे मानायला आधार नाही. तेल निवडावे ते स्पर्शासाठी आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी. अकूस्टिक गिटारच्या पातळ स्प्रूसच्या फळीवर मात्र ही पद्धत नेऊ नये. तिथे आत मुरलेले तेल कंपनाला दाबते.

नोव्हेंबरमध्ये पाहिले तेव्हा बॉडी सगळीकडे कोरडी होती. उजवा हात टेकतो ती कड थोडी निस्तेज झाली होती. ४०० नंबरचा कागद हलका फिरवून चमचाभर मिश्रण लावले आणि पुसले, जोड दिसत नाही. पहिल्या वेळची एकच खूण उरली आहे: शिंगाच्या आतल्या वळणावर, सुरकुतलेली साय होती तिथे, लाकूड भोवतालपेक्षा छटाभर गडद आहे. तेल तिथे खोल गेले होते आणि ते काढायला आणखी घासले असते तर वळणाचा आकार गेला असता, म्हणून तसेच ठेवले.